वहीतली तेविसावी नोंद

एप्रिलचा पहिला शनिवार आला की मी गाडीची डिकी आवरते. बर्फ खरवडायचं पातं बाहेर, घडीची खुर्ची आत. जाड हातमोजे बाहेर, उन्हाची टोपी आत. थर्मास बारा महिने आतच असतो. मग म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या कडेला, एस-बानच्या म्हणजे इथल्या लोकलच्या रुळांलगतच्या मैदानावर जायचं. तोवर तिथे कुणीतरी फक्की मारायला घेतलेली असते. कराडच्या आमच्या शाळेत खो-खोच्या मैदानावर फक्की पडायची तेव्हा जो कोरडा वास नाकात बसायचा, तोच इथेही बसतो. फरक एवढाच की इथल्या फक्कीच्या यंत्राला चाकं आहेत, आणि ते वापरून जागेवर ठेवल्याची एका तक्त्यात सही करावी लागते. तो तक्ता मीच केलेला आहे.

मैदान बेसबॉलचं आहे. जर्मनीत बेसबॉल म्हटलं की जर्मन माणसांच्याही भुवया वर जातात. उजव्या बाजूला मैदान संपतं तिथे लोकांच्या भाड्याच्या बागा आहेत, टोमॅटोच्या काठ्या आणि कोबी. चेंडू तिकडे गेला तर बॅटरने दोन बेसपर्यंतच जायचं, असा आमचा घरगुती नियम आहे. एप्रिलमध्ये गवत ओलं असतं, त्यात पिवळी फुलं उगवलेली असतात, आणि बुटांना माती चिकटून प्रत्येकाची उंची अर्ध्या इंचाने वाढते. दर दहा-वीस मिनिटांनी एक गाडी जाते. तेवढा वेळ कुणाला काही ऐकू येत नाही.

या वर्षी फक्कीचा वास आला आणि मी घरी येऊन जुनी वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, चौकटीच्या कागदांची. ती सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सुरू केली होती.

तेव्हा माझी मुलगी ईरा चौदा वर्षांची होती आणि आमच्या क्लबच्या मुलामुलींच्या एकत्र संघात पहिल्या बेसवर खेळायची. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चेंडू मारला की बॅटरने पळायचं, वाटेत तीन उशा असतात त्यांना क्रमाने पाय लावायचा आणि जिथून निघाला तिथे परत यायचं. त्या उशा म्हणजे बेस. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळतं. एकत्र संघातला ईराचा तो शेवटचा मोसम होता. आमच्या लीगच्या नियमाप्रमाणे पुढच्या वर्षापासून मुलींनी मुलींच्या सॉफ्टबॉल संघात जायचं, आणि तसा सगळ्यात जवळचा संघ म्युनिकच्या दुसऱ्या टोकाला. नऊ वर्षांची असल्यापासून ज्यांच्याबरोबर ती धुळीत लोळली, त्यांच्याबरोबर तिला एकदा सप्टेंबरच्या अंतिम स्पर्धेला जायचं होतं. तंबू लावून दोन रात्री राहायचं. तिने त्या मोसमात मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

मी पंच कशी झाले तेही सांगते. इथल्या क्लबांना संघांच्या प्रमाणात पंच द्यावे लागतात. पालकांच्या बैठकीला डीटर कागद घेऊन आला. डीटर आमच्या पंचांचा प्रमुख, निवृत्त रेल्वे सिग्नलमन, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघणारा. त्याच्या कागदावर पंचांच्या नावांचे चार चौकोन होते, त्यातला एक रिकामा. सगळे पालक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मला रिकामा चौकोन बघवत नाही. मी हात वर केला. फेब्रुवारीत एका शाळेच्या व्यायामशाळेत दोन दिवस बसून परीक्षा दिली आणि छातीवर चिकटवायचा बिल्ला मिळाला. लहान गटात यजमान क्लबच्या पालकाने बेसवरचा पंच व्हायला हरकत नसे. मुख्य पंच डीटर, कॅचरच्या (क्रिकेटमधला यष्टिरक्षक समजा) मागे.

आणि वही? तिचं कारण म्हणजे जाळीमागचे लोक. बेसबॉल बघणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात, हातात काहीतरी खायला आणि नियमांविषयी तक्रार. आमच्या क्लबच्या टपरीजवळ दर शनिवारी तेच. चेंडू बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या अदृश्य चौकटीतून गेला की नाही हे वाकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने का ठरवायचं, अमेरिकेत आता कॅमेरा ठरवतो, आपल्याकडे कधी? मी ज्या ऑफिसात काम करते तिथे ज्या तक्रारीला क्रमांक नाही ती तक्रार नाही. तेव्हा मी क्रमांक दिला. नोंद एक: चौकट यंत्राने ठरवावी. पुढच्या रकान्यात मागणी करणाऱ्याचं नाव, त्यापुढे त्या दिवशीचा निकाल.

मग लोक स्वतःहून यायला लागले. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, टोपी नीट करण्यात फार वेळ घालवतो, अमेरिकेसारखं घड्याळ लावा. ती नोंद चार, आणि ती माझी स्वतःची. शनिवारी मला अजूनही कामं असतात. बरोबरी झाली तर जादा डावात दुसऱ्या बेसवर आयता एक खेळाडू उभा करतात, तो प्रकार बंद करा. एका वडिलांचं म्हणणं, ते सगळा सामना मोबाईलवर टिपतात, तर शंका आली की पंचाने येऊन त्यांच्या मोबाईलमध्ये बघावं. निर्णय दिल्यावर पंचाने कारण मोठ्याने सांगावं. पंचाने वर्षातून एकदा डोळे तपासून चिठ्ठी आणावी. ही शेवटची मागणी करणाऱ्या बाई स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या.

महिन्याभराने वही चाळताना तिसऱ्या रकान्याकडे लक्ष गेलं. हरलो, हरलो, हरलो, पावसामुळे रद्द, हरलो. जिंकलेल्या दिवशी नियम बदलावा असं एकाही माणसाला वाटलं नव्हतं.

मे महिन्यात अण्णा आले. अण्णा माझे सासरे. नोकरी साताऱ्याला पाटबंधारे खात्यात, पण तीस वर्षं दर रविवारी जिल्ह्यातल्या क्रिकेट सामन्यांना पंच. तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन आले होते. माझा नवरा समीर शनिवारी झोपतो आणि मग स्वयंपाक करतो, ही आमच्या घरातली जुनी वाटणी, त्यामुळे अण्णा माझ्याबरोबर मैदानावर. पहिल्या बेसच्या बाजूला जाळीमागे घडीच्या खुर्चीत पांढरी टोपी घालून बसायचे. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं नुकतीच झालेली. म्हणायचे, "आता मला जरुरीपेक्षा जास्त दिसतं."

पहिला सामना त्यांनी एक शब्द न बोलता पाहिला. घरी जाताना गाडीत म्हणाले, "मेधा, लिहून घे. चेंडूला बॅट लागली की पळायलाच पाहिजे ही सक्ती काढा. माणसाने विचार करून धाव घ्यावी."

"अण्णा, मग हा खेळच राहणार नाही."

"तुझ्या वहीत सूचना घेतात की मतं देतात?"

मी लिहून घेतलं. ईरा मागच्या सीटवरून जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबा पाच दिवसांचा बेसबॉल करतील." ती मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. अण्णांना जर्मन येत नाही. तरी त्या दोघांचं तासन् तास चालायचं. "काय म्हणाली ईराबाई?" विचारायचे, आणि मी सांगायच्या आत स्वतःच, "असू दे, माझ्याविरुद्ध आहे एवढं कळलं."

त्याच महिन्यातली एक घटना. मी बेसवर पंच होते, ईरा माझ्यापासून पाच पावलांवर उभी. हवेत परागकण, तिचं नाक वाहत होतं आणि ती बाहीला पुसत होती. मी हळूच म्हटलं, "रुमालाने पूस." सामना संपल्यावर पाहुण्या संघाचा प्रशिक्षक डीटरकडे गेला. बेसवरच्या पंच बाई त्यांच्या खेळाडूशी गुप्त भाषेत बोलतात. डीटरने मला बोलावून विचारलं, काय म्हणालीस? मी भाषांतर करून सांगितलं. तो हसला नाही. माझ्या डोक्यावरून रुळांकडे बघत म्हणाला, "हे बघ, मेडा." माझं नाव त्याच्या तोंडी असंच येतं. "मैदानावर पंचाने सगळ्यांना कळेल अशाच भाषेत बोलायचं. रुमालाविषयीसुद्धा." मला ते बरोबर वाटलं. अकरावी नोंद. त्या वहीतली हीच एक सूचना त्याच दिवशी लागू झाली.

जून असाच गेला. संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड, टपरीवर भाजणाऱ्या सॉसेजचा धूर, बागांच्या बाजूने पाण्याच्या नळीचा फुसफुस आवाज. ईराच्या मोज्यांची लाल माती दोन धुण्यांत जात नसे. तिसऱ्या धुण्याला मी वेळ द्यायचं बंद केलं. संघ जिंकत होता, म्हणून वहीत नोंदी कमी. जुलैच्या मध्यावर गणित सोपं झालं. शेवटचा घरचा सामना जिंकला तर सप्टेंबरला तंबूत. हरलो तर नाही.

त्या शनिवारी दुसरा पंच बाहेरून यायचा होता, त्याने सकाळी आजारी असल्याचं कळवलं. डीटरने दोन्ही प्रशिक्षकांना विचारलं, चालेल का. दोघेही हो म्हणाले. पाहुण्यांचा प्रशिक्षक मेमधलाच. त्याने माझ्याकडे बघून नाक पुसल्याची खूण केली. मीही हसले.

शेवटच्या डावात धावा बरोबरीत होत्या. पाहुण्यांच्या एका मुलाने चेंडू उजवीकडे लांब मारला, बागांच्या कुंपणापर्यंत, पण अलीकडेच. अशा वेळी सगळं मैदान चेंडूकडे बघतं. बेसवरच्या पंचाने चेंडूकडे बघायचं नसतं, उशीकडे बघायचं असतं. मी पहिल्या बेसच्या उशीकडे बघत होते. तो मुलगा वळण घेताना आतून गेला. त्याचा डावा पाय उशीच्या अलीकडे पडला आणि उजवा पलीकडे. मध्ये वीतभर पांढरी उशी तशीच राहिली. तिच्यावर सकाळपासूनची धूळ होती, ती हललीसुद्धा नाही. मुलगा पुढे तिसऱ्या बेसपर्यंत गेला.

नियम असा आहे. बेस चुकलेला पंचाला दिसला तरी त्याने काही बोलायचं नाही. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने ते स्वतः ओळखायचं, चेंडू घेऊन त्या बेसवर यायचं आणि पंचाला विचारायचं. विचारलं तर पंच बाद देतो. पुढचा चेंडू टाकायच्या आत विचारलं नाही, तर माफ.

चेंडू पिचरकडे परत आला. ईरा माझ्यापासून पाच पावलांवर. ती तिसऱ्या बेसकडे बघत होती, धाप लागलेली, गुडघ्यावर हात टेकून. पिचरने टोपी नीट केली. चौथी नोंद माझीच होती, पिचरला घड्याळ लावा. त्या दिवशी त्याने टोपी काढून, झटकून, पुन्हा घातली आणि मला वाटलं, अजून एकदा काढ. एस-बान आली. तिच्या आवाजात पाच पावलांपलीकडे कुणालाही काही ऐकू जाणार नव्हतं. पाय लागला नाही. तीन शब्द. ते त्या मैदानावर चार माणसांना कळले असते का? तिघांनाच. मला, ईराला आणि जाळीमागच्या पांढऱ्या टोपीला.

गाडी निघून गेली. पिचरने चेंडू टाकला.

पुढच्या फटक्यावर तो मुलगा जिथून निघाला होता तिथे परत पोचला, धाव झाली. आमच्या संघाला आपल्या डावात एकही धाव करता आली नाही. एका धावेने हरलो.

ईराला ते टपरीपाशी कळलं. तो मुलगा आपल्या मित्रांना हसत सांगत होता की पहिल्या बेसला त्याने पायच लावला नव्हता. ती गाडीत मागे बसली, पट्टा लावला. मी गाडी रस्त्याला लावली. मग तिने जर्मनमध्ये, आईला इथे म्हणतात तसं मामा म्हणून विचारलं, "मामा, तू पाहिलंस?"

"हो," मी म्हटलं. विचारल्यावर सांगायचं असतं.

दोन सिग्नल गेले. मग ती मराठीत बोलली. किती महिन्यांनी ते मला आठवत नाही. र जर्मन, बाकी सगळं नीट. "मग मराठीत सांगायचं होतंस. कुणालाच कळलं नसतं."

"म्हणूनच," अण्णा पुढच्या सीटवरून म्हणाले. थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "मीपण पाहिलं."

आरशात मला तिचा चेहरा दिसला. "आजोबा, तुम्ही तर पंच नव्हता."

"नव्हतो."

"जाळीमागून ओरडायला लायसन लागत नाही."

"नाही लागत. तोंड उघडलं होतं मी. सवय आडवी आली."

समीरने त्या दिवशी भरली वांगी केली होती. अण्णांनी पानावर बसून एक पोळी अर्धी खाल्ली. ईराने विचारलं नव्हतं तरी ते सांगू लागले. साताऱ्याला एका सामन्याच्या शेवटच्या षटकात बॅटची कड घेऊन चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला होता. आवाज त्यांना एकट्याला आला. गोलंदाज चेंडू हुकला म्हणून कपाळावर हात मारत बसला, अपील कुणी केलंच नाही, आणि अपील नाही तर बाद नाही. त्याचा संघ हरला. तो गोलंदाज पुढे वीस वर्षं त्यांना बाजारात भेटायचा, नमस्कार करायचा.

"मग त्याला सांगितलंत नंतर?" ईराने विचारलं, पुन्हा जर्मनमध्ये. मी भाषांतर करायच्या आत त्यांना ते कळलं.

"त्याने विचारलं नाही कधी."

"आता सांगा."

"आता तो नाही," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरा वही घेऊन माझ्यासमोर बसली. "लिही," म्हणाली. तेविसावी नोंद: पंचाला चुकलेला बेस दिसला तर कुणी विचारण्याची वाट न बघता त्याने बाद द्यावं. नाव, ईरा. निकाल, हरलो. मी जसंच्या तसं लिहिलं. तिने वाचून पाहिलं आणि म्हणाली, हे नुसतं वहीत नको, नोव्हेंबरच्या सभेत हवं.

आमच्या क्लबची वार्षिक सभा नोव्हेंबरात असते. तिथे कुणीही प्रस्ताव मांडू शकतं, तो मंजूर झाला तर क्लब तो लीगकडे पाठवतो. प्रस्ताव लेखी, मुदतीच्या आत, दोन प्रौढ सभासदांच्या सह्यांनी. ईरा प्रौढ नव्हती. तिच्या प्रशिक्षकाने एक सही दिली. दुसरी मिळेना. डीटरने नाही म्हटलं आणि त्याने नाही म्हटल्यावर बाकीच्या पंचांनीही. टपरीजवळ नियम बदला म्हणणाऱ्या सगळ्या पालकांना सुट्टीहून आल्यावर तो सामना नीट आठवत नव्हता. मुदतीच्या आदल्या दिवशी तिने कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी टंकलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, पुन्हा छापला आणि सही केली.

सभेत डीटर बोलला. म्हणाला, हा खेळ दोन्ही संघांनी लक्ष ठेवून खेळायचा आहे. पंचाने एकाच्या बाजूने लक्ष ठेवायला सुरुवात केली तर संघांनी काय करायचं? सिग्नलच्या खोलीत इतकी वर्षं बसलेला माणूस असंच बोलणार. मग हात वर करायचे होते. बाजूने सहा, म्हणजे प्रस्ताव पडणार हे दिसत होतं. विरोधात, असं अध्यक्ष म्हणाले आणि मी हात वर केला. ईरा मागच्या बाकावर शीतपेयाची बाटली धरून बसली होती. तिथून सगळे हात दिसतात.

चालत घरी येताना तिने विचारलं, "सही कशाला केलीस?"

"मांडता यावा म्हणून."

"आणि हात?"

"मला तो नियम पटत नाही म्हणून."

कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "पहिली नोंद मंजूर झाली आहे मामा. यंत्राचा पंच. आपल्या घरात बसवलाय."

मला हसू आलं होतं, पण ती हसत नव्हती.

पुढे काय झालं ते यादीत मांडता येत नाही, कारण काही झालं नाही. आदळआपट नाही, अबोला नाही. जेवताना बोलायची, शाळेच्या सूचनांवर माझी सही घ्यायची. पुढच्या मार्चमध्ये ती सॉफ्टबॉलला लागली, स्वतःचा एस-बानचा पास काढला, बुटांची पिशवी स्वतः भरायची. तिच्या सामन्यांच्या तारखा मात्र माझ्या कॅलेंडरमध्ये येईनाशा झाल्या. आधी ती मोसमाच्या सुरुवातीला सगळ्या तारखा क्रमाने पाठवायची आणि मी त्या हिरव्या रंगात भरायचे. आता शनिवार नुसते पांढरे. निकाल मी लीगच्या पानावर बघायचे. तारखा तिथेही होत्या, जाता आलं असतं. पण तिने सांगितल्या नव्हत्या. विचाराव्यात असं मला बऱ्याचदा वाटलं. विचारलं नाही. मग ती शिकायला बर्लिनला गेली.

अण्णा फोनवर विचारायचे, "मैदानावर जातेस ना? वही चालू आहे?" दोन्हींना हो. त्यांनी त्या सामन्याचं नाव कधी काढलं नाही. मीही नाही.

या एप्रिलला ईरा ईस्टरसाठी घरी आली होती. शनिवारी मी डिकी आवरत होते तेव्हा चहाचा मग घेऊन खाली आली. म्हणाली, मी पण येते. मैदानावर डीटर कागद घेऊन उभा. आता त्याला काठी लागते, कागद मात्र तोच, आणि लहान मुलांच्या सामन्याला बेसवरच्या पंचाचा चौकोन रिकामा. मी गुणलेखकाच्या टेबलावर होते. मला दोन कामं करता येत नाहीत. ईराने खिशातून पंचाचा बिल्ला काढून डीटरला दाखवला. बर्लिनचा. मला माहीत नव्हतं.

"जा," डीटर म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये हो, आणि तिचं नाव चौकोनात लिहिलं.

खेळाडू नऊ-दहा वर्षांचे. हेल्मेट डोळ्यांवर येणारे, एकमेकांना ओलांडून पळणारे. तिसऱ्या डावात दोन वेण्यांची एक मुलगी दुसऱ्या बेसला वळसा घालून गेली. मला टेबलावरून दिसलं. उशी आणि तिचा बूट यांच्यामध्ये गवत होतं. गुणलेखकानेही असं काही बोलायचं नसतं. मी ईराकडे पाहिलं. ती उशीकडे बघत उभी होती, हात गुडघ्यांवर. चेंडू पिचरकडे आला. कुणी विचारलं नाही. तिने मान वर केली आणि एक क्षण सरळ माझ्या टेबलाकडे पाहिलं. पिचरने चेंडू टाकला. ईरा गप्प.

माझ्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी होती. माझ्याकडे नेहमी दुसरी असते.

सामना संपला, मुलांनी ओळीत हात मिळवले. मुलं पांगायच्या आत ईराने दोन्ही संघांना बोलावलं. जर्मनमध्ये, सगळ्यांना कळेल असं म्हणाली, "तिसऱ्या डावात दुसरा बेस चुकला होता. मी पाहिलं. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी बाद दिलं नाही. निकाल तोच राहील. फक्त मी पाहिलं होतं, हे तुम्हाला माहीत असावं."

सगळे एकदम बोलायला लागले. वेण्यांची मुलगी आपल्या बुटांकडे बघून म्हणाली, "जवळजवळ लागला होता."

"जवळजवळ," ईरा म्हणाली.

हरलेल्या बाजूचा कॅचर दुसऱ्याच्या दंडाला चिमटा काढून विचारत होता, तू कुठे बघत होतास? चेंडूकडे, दुसरा म्हणाला. पुढच्या शनिवारी ते दोघे उशीकडे बघणार हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही कळलं असतं.

"पंच स्पष्टीकरण देत नाही," डीटर माझ्या शेजारी काठीवर रेलून म्हणाला.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, मी म्हटलं. मग म्हटलं, "पण हे लिहिलंय कुठे?"

तो रुळांकडे बराच वेळ बघत राहिला. एक गाडी आली, गेली. "लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

बर्लिनला परत जायच्या दिवशी ईराने वही मागून घेतली. नोंदी आता साठीच्या पुढे गेल्या आहेत. तिने तेविसाव्या नोंदीखाली, उरलेल्या एका ओळीत लिहिलं. तेवीस अ: पंचाने जे पाहिलं आणि कुणी विचारलं नाही, ते सामना संपल्यावर दोन्ही संघांना सांगावं. मग प्रस्तावाचा छापील कागद भरला, एका सहीच्या जागी स्वतःची सही केली, दुसरी मोकळी ठेवली आणि कागद फ्रीजवर चुंबकाखाली लावला.

रविवारी अण्णांना फोन लावला. त्यांना आता कागद वाचता येत नाही, डोळे पुन्हा अधू झालेत. मी मैदानावरची सगळी हकिकत सांगितली, मग प्रस्ताव मराठीत करून वाचून दाखवला.

"सामना संपल्यावर म्हणजे किती वेळाने?" त्यांनी विचारलं.

"तसं लिहिलेलं नाही, अण्णा."

"मर्यादा घाला, सूनबाई. नाहीतर आमच्यासारखे सोय बघतील."

मी ईराला विचारून एक ओळ वाढवली. त्याच दिवशी, मैदान सोडण्याआधी. कागद पुन्हा छापून बर्लिनला पाठवला, तो तिच्या सहीने परत आला. मग त्याखाली मी सही केली. नोव्हेंबरला हातही वर करणार आहे, या वेळी बाजूने. डीटरचं काय ते सांगता येत नाही.

काल सकाळी ईराचा संदेश आला. वर काही लिहिलेलं नाही, खाली काही लिहिलेलं नाही. मे ते जुलै, तिच्या सामन्यांच्या तारखा, क्रमाने. मी त्या कॅलेंडरमध्ये भरल्या. हिरव्या रंगात.